सायकल, डोंगर आणि आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात मी जे बोललो, ते संपादक मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे. बोलण्याच्या ओघात आलेली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा आढावा आधीच्या वक्त्यांनी उत्तम घेतला. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेअन्स, गळती, पार्किंग, सगळं आलं. सचिवांनी मला ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’ हा विषय दिला होता. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे असा विषय देणं साहजिक आहे. पण मी त्यांच्याकडून विषय बदलून घेतला. मुदत ठेवीवर व्याज किती मिळतं हे आता तुमची मुलं मोबाईलवर तुम्हाला सांगतात. मला बोलायचंय ते सी विंगच्या जिन्याखाली उभ्या असलेल्या सायकलींबद्दल.

काल संध्याकाळी मी मुद्दाम मोजल्या. लहान मुलांच्या सोडून चौदा गिअरच्या सायकली आहेत. त्यातल्या दहा ‘माउंटन बाइक’ म्हणतात त्या, जाड टायरच्या. आणि त्यांचे मालक नुसते सायकलवाले नाहीत. कुणी रविवारी किल्ल्यावर जातं, कुणी घरडा सर्कलजवळच्या क्रीडा संकुलात पोहायला जातं, कुणी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी धावतं, तर कुणी संध्याकाळी आपल्या आवारात बॅडमिंटन खेळतं. एकच माणूस आठवड्यात तीन-चार खेळ करतो. आमच्या वेळी असं नव्हतं. याचा मला आनंद आहे.

मग बोलायचं कशासाठी? तर आपल्या एका सभासद भगिनींनी कमिटीला अर्ज दिला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना सायकल घेऊन गेटबाहेर सोडू नये, वॉचमनने अडवावं आणि जिन्याखालच्या सायकली हलवाव्यात, असा. अर्ज येत्या वार्षिक सभेपुढे येणार आहे. त्यामागचं कारण बहुतेकांना माहीत आहे. गेल्या सप्टेंबरात आपल्या सोसायटीतली दोन मुलं सायकलने मलंगगडाला गेली. माचीपर्यंत चढली, उतरली आणि भर दुपारी परत निघाली. वाटेत उतारावर खडी होती, एकाची सायकल घसरली. गळ्याच्या हाडाला, म्हणजे कॉलर बोनला, फ्रॅक्चर. दीड महिना हात गळ्यात. मुलगा आता ठणठणीत आहे. पण त्या दिवशी आईला वाटत होतं की तो ठाण्याला क्लासला गेलाय. मोबाईलची बॅटरी संपलेली. दोन तास त्या माउलीला काही कळत नव्हतं. अर्ज त्या दोन तासांतून आलेला आहे, हे आपण सगळ्यांनी लक्षात घ्यावं.

माझं म्हणणं अर्जाच्या विरुद्ध नाही आणि बाजूनेही नाही. मी कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत हिंडतोय. नोकरीत मुरबाड भागात असताना कर्जवसुलीसाठी वाड्या-पाड्यांत सायकलनेच जायचो, ती बिनगिअरची, मागे कॅरियर असलेली. निवृत्तीनंतर मुलाने गिअरची घेऊन दिली. तेव्हा मी कोणी तज्ज्ञ नाही, पण या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की काय होतं, याचा थोडा अनुभव आहे. तो सांगतो. मग सभेत काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा.

आधी ही सायकल कुठून आली ते दोन वाक्यांत. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीमध्ये काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या वाटांवरून खाली सुटायचे. त्या सायकली वरचेवर मोडायच्या, म्हणून त्यांनी मजबूत सायकली बनवायला सुरुवात केली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखलही झाला. आपल्याकडे मात्र ही सायकल घेतली जाते ती दिसायला दणकट म्हणून, आणि फिरते काँक्रीटच्या रस्त्यावर. त्याला हरकत नाही. फक्त सायकलला ते कळवावं लागतं.

कळवायचं म्हणजे काय? एक, टायरमधली हवा. खडबडीत वाटेवर हवा थोडी कमी ठेवली की टायर जमिनीला धरून राहतो. रस्त्यावर तीच हवा ठेवली तर तुम्ही चिखलातून चालल्यासारखी सायकल ओढता. मी रस्त्यावर पंचेचाळीस-पन्नास पीएसआय ठेवतो आणि कच्च्या वाटेला लागलो की तीस-पस्तीसवर आणतो. टायरच्या कडेला कमी-जास्त मर्यादा छापलेली असते, तिच्या आत राहायचं. जाताना हवा सोडणं सोपं, परत येताना भरायला छोटा पंप लागतो, तो विसरू नका. दोन, पुढच्या फोर्कला स्प्रिंग असते. तिला बंद करण्याची कळ असेल तर चांगल्या रस्त्यावर आणि चढावर ती बंद करा, नाहीतर पायातला निम्मा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. तीन, सीटची उंची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून मारलं की गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्या चौदा सायकलींपैकी निम्म्यांच्या सीट मला खाली दिसल्या. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणारे लोक बहुतेक वेळा सीट वर करत नाहीत, एवढंच झालेलं असतं. आणि जड गिअर लावून मर्दानी जोर काढू नका. हलका गिअर लावून पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फिरले की गुडघे वाचतात.

आता मुख्य मुद्दा. एका खेळाची कमाई दुसऱ्या खेळाला कुठे मिळते आणि कुठे मिळत नाही?

सायकलिंगने दम वाढतो आणि मांड्या तयार होतात. त्यामुळे किल्ला चढताना सायकलवाला पुढे असतो. आणि तिथेच तो फसतो. किल्ला चढणं हा निम्माच हिशेब. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना भार झेलतात, प्रत्येक पायरीला ब्रेक लावतात. सायकल चालवताना हे काम जवळजवळ होतच नाही. म्हणून रोज तीस किलोमीटर सायकल मारणारा माणूससुद्धा माहुली उतरल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्या जिन्यावरून कठडा धरून उतरतो. उपाय सोपा आहे. किल्ल्याला जाण्याआधी दोन-तीन आठवडे आपल्याच बिल्डिंगचे सात मजले आठवड्यातून दोनदा सावकाश उतरा. लिफ्टने वर जा, पायी खाली या. लोक हसतील, हसू द्या.

दुसरं, हाडं. हाडांना मजबूत राहायला वजन पेलावं लागतं. सायकलवर वजन सीट पेलते, पोहताना पाणी पेलतं. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः आपल्या भगिनींनी, केवळ सायकल किंवा केवळ पोहणं यावर थांबू नये. चालणं, जिने चढणं, टेकडी चढणं यातलं काहीतरी आठवड्यातून तीन दिवस हवं. उलट ज्यांचे गुडघे धावून कुरकुरतात, त्यांना सायकल आणि पोहणं म्हणजे विश्रांती घेत व्यायाम. पोहण्याने खांदे आणि पाठ मोकळी होते, तासन्‌तास हँडलवर वाकलेल्या माणसाला ते औषधासारखं आहे.

तिसरं, थकवा. बँकेच्या भाषेत सांगतो. सायकलचं खातं वेगळं, ट्रेकचं वेगळं, मॅरेथॉनचं वेगळं असं आपल्याला वाटतं. शरीराकडे खातं एकच असतं. शनिवारी सत्तर किलोमीटर सायकल, रविवारी किल्ला आणि सोमवारी सकाळी धावणं म्हणजे तीन चेक एकाच शिलकीवर. एखादा परत येतोच. म्हणून आठवड्यात दोनच दिवस जोराचे ठेवा, त्यांच्यामध्ये किमान एक दिवस हलका, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी गप्प पेपर वाचावा.

आता त्या दोन मुलांकडे येतो. मी त्यांच्याशी बोललो. सायकल वेगात नव्हती, ब्रेक चांगले होते, हेल्मेट होतं. मग पडला कसा? सकाळी पाचला घर सोडलं, सायकल मारली, मलंगगडाच्या पायऱ्या चढले-उतरले, बिस्किटांशिवाय काही खाल्लं नाही, आणि उन्हात लगेच परत निघाले. पाठीवर सॅक. पायऱ्या उतरून पाय थरथरत होते आणि ब्रेक दाबणारी बोटं दमली होती. अशा वेळी समोर खडी आली की मेंदूला दिसते, पण हात उशिरा ऐकतो. किल्ला उतरून आल्यावर निदान तासभर सावलीत बसणं, पोटभर खाणं, आणि मगच सायकलला हात लावणं, हा नियम पाळला असता तर बहुधा हाड शाबूत राहिलं असतं. त्याहून चांगलं म्हणजे लांबचा किल्ला आणि सायकल यांना वेगवेगळे दिवस देणं.

सॅकचंही सांगतो. ट्रेकची सॅक पाठीवर घेऊन सायकल चालवली की वजन वर जातं, तोल बिघडतो, मनगटं आणि बैठक दुखते. सामान कॅरियरवर किंवा फ्रेमच्या पिशवीत, जितकं खाली तितकं चांगलं. पाठीवर फार तर पाणी आणि पाकीट.

बुटांचा प्रश्न मला नेहमी विचारतात. सायकलला कडक तळव्याचे बूट बरे, डोंगराला पकडीचे. दोन जोड नेणं जमत नाही. तेव्हा जिथे सायकलनंतर चढायचं आहे तिथे साधे रुंद पेडल ठेवा आणि ट्रेकचेच बूट घाला. पेडलमध्ये अडकणारे बूट घालून कातळावर पाय ठेवू नका, खालची पट्टी दगडावरून सरकते. हेल्मेटचंही तसंच. सायकलचं हेल्मेट हे सायकलवरून पडताना बसणाऱ्या धक्क्यासाठी असतं आणि एकदा जोरात आपटलं की ते बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं. गिर्यारोहणाचं हेल्मेट प्रामुख्याने वरून पडणाऱ्या दगडासाठी असतं. मलंगगडाच्या माचीच्या वरचा भाग दोराचा आहे. तिथे सायकलचं हेल्मेट घालून जाणाऱ्यांनी जाऊच नये, जाणत्या संस्थेबरोबर त्यांच्या साधनांसह जावं.

जायचं कुठे? आपण डोंबिवलीकर नशीबवान आहोत. नकाशा काढून बघा, चारी बाजूंना काहीतरी आहे.

नवशिक्यांनी आधी उंबार्लीच्या टेकडीवर जावं. सायकल पायथ्याशी लावून पायी चढावं. पक्षी भरपूर दिसतात, म्हणून सायकलींच्या घंट्या आणि मोबाईलची गाणी नकोत. उन्हाळ्यात टेकडीवरचं गवत ठिणगीने पेटतं, तेव्हा सिगारेट-विडीवाल्यांना नम्रपणे सांगावं. दुसरा टप्पा गांधारी पुलावरून टिटवाळ्याचा, गणपतीचं दर्शन घेऊन परत. घरच्यांनाही तो मान्य होतो, कारण देवाला चाललोय म्हटलं की कोणी अडवत नाही. (हशा.)

ठाण्याला येऊरचा चढ आहे. उपवन तलावापासून वर जाणारा तो रस्ता पायांची चांगली परीक्षा घेतो. पण येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची कड आहे, बिबळ्याचं घर. वनखात्याच्या वेळा पाळायच्या, संध्याकाळनंतर थांबायचं नाही, रस्ता सोडून जंगलात सायकल घालायची नाही. वर आदिवासी पाडे आहेत. आपला व्यायाम होतो तो त्यांच्या घरासमोरून, हे लक्षात ठेवावं.

माहुलीसाठी माझा सल्ला वेगळा. हा ठाणे जिल्ह्यातला उंच किल्ला, दिवसभराचं काम. सायकल घरी ठेवा, कसारा लोकलने आसनगावला उतरा. सायकल लोकलने न्यायचीच असेल तर लगेजचे नियम तिकीट खिडकीवर आधी विचारून घ्या आणि गर्दीच्या वेळी तो विचारही करू नका.

आणि ज्यांना सायकल आणि डोंगर दोन्ही करायचंच आहे त्यांच्यासाठी नाणेघाट. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत वैशाखरेपर्यंत साठेक किलोमीटर. सकाळी निघायचं, मध्ये थांबत जायचं, पायथ्याच्या गावात मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी उजाडता चढायचं. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल याच घाटाने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे यायचा. वर गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, त्यात दानाचे आकडे कोरलेले आहेत. जवळ दगडाचा मोठा रांजण आहे, तो जकातीचा होता असं सांगतात. मी तरी तो पाहिल्यावर टोपी काढतो, आमच्या धंद्यातला इतका जुना कॅश काउंटर दुसरा पाहिला नाही. परतीला घाई नको. तिसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर उत्तम, नसेल तर कल्याणपर्यंत टेम्पो बघा. त्यात कमीपणा नाही.

पायथ्याच्या गावात सायकल ठेवताना एखाद्या घरी विचारून ठेवा, कुलूप लावा, आणि त्याच घरी जेवा. पिठलं-भाकरीचे पैसे मोकळ्या हाताने द्या. वीस हजारांच्या सायकलची राखण करणाऱ्याशी वीस रुपयांवरून घासाघीस करू नये. शेताच्या बांधावरून सायकल घालायची नाही. पाऊलवाट ओली असताना चाकाने चर पडतात, पुढच्या पावसात पाणी त्यातूनच वाहतं आणि वाट वाहून जाते, म्हणून चिखलात सायकल हातात घ्या. वाटेवर पहिला मान पायी चालणाऱ्याचा, त्यातही डोक्यावर मोळी किंवा हंडा असलेल्या बाईचा. त्यांच्यासाठी थांबून खाली उतरायचं. सायकलवाल्यांमध्ये वर चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण थांबलेल्याला चढावर पुन्हा सुरुवात करणं जड जातं.

ऋतूंबद्दल थोडं. पावसाळा सगळ्यांना खुणावतो, आणि आपल्या भागातले बहुतेक वाईट प्रसंग त्याच महिन्यांत होतात. बदलापूरजवळचं कोंडेश्वर असो किंवा आणखी कुठला धबधबा, डोंगरात वर पाऊस झाला की खाली ऊन असताना सुद्धा पाणी अचानक वाढतं. तरणतलावात पन्नास फेऱ्या मारणाऱ्यालाही तिथे पोहता येत नाही, कारण ते पोहणं नसतंच. खाली भोवरे आणि कपारी असतात. जिल्हा प्रशासन दरवर्षी मनाईहुकूम काढतं, ते आपल्यासाठी आहेत. पावसात सायकलचे ब्रेक उशिरा लागतात, म्हणून आधीपासून आणि दोन्ही एकदम दाबा. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि काँक्रीटच्या दोन लाद्यांमधली फट, या तिन्हींवर तिरकं जाऊ नका. घरी आल्यावर साखळी पुसून तेल द्या, नाहीतर दोन महिन्यांत गंजेल.

मार्चनंतर साडेपाचला निघा, नऊपर्यंत सावलीत या. तासाला निदान अर्धा लिटर पाणी, तहान लागण्याआधी. घाम खूप गेला तर नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. दीड तासापेक्षा जास्त काम असेल तर खात राहायचं. महागड्या जेलची गरज नाही. केळं, गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशमी, हे सगळं आपल्या घरात असतं. किल्ल्यावर आग्यामोहोळं असतात, तिथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. हिवाळा सगळ्यात चांगला, फक्त अंधार लवकर पडतो. सायकलला मागे लाल दिवा आणि डोक्याला टॉर्च, दोन्ही हवं. कल्याण-शिळ रस्त्यावर तर मी कोणालाही अंधारात सायकल चालवू नका असंच सांगेन. अवजड वाहनं आणि मेट्रोची कामं यांत सायकलवाला कोणाला दिसत नाही.

माझ्या वयाच्या मंडळींना दोन शब्द. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडे जा, रक्तदाब, साखर, ईसीजी बघून घ्या. वेग असा ठेवा की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक घाम, यातलं काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढे जायचं नाही. तिथेच बसायचं आणि १०८ ला फोन करायचा.

आता अर्जाकडे. ती मुलं घरी खोटं का बोलली? मी विचारलं. उत्तर आलं, ‘काका, सांगितलं असतं तर नाही म्हणाले असते.’ मंडळी, हे उत्तर आपण सगळ्यांनी घरी घेऊन जायचं आहे. वॉचमन गेटवर सायकल अडवेल. पण मुलं सायकल मित्राच्या बिल्डिंगमध्ये ठेवतील, आणि मग ती कुठे गेली हे कळायची शक्यता आणखी कमी होईल. त्या दोन तासांचे चार तास होतील. आणि दुसरीकडे, मुलांनाही सांगतो, तुमच्या आईला भीती वाटते तो तिचा हट्ट नाही. ती तुमच्यासाठी दार उघडं ठेवून बसते.

बँकेत आमच्याकडे मूव्हमेंट रजिस्टर असायचं. मॅनेजर असो की शिपाई, कामासाठी बाहेर जाताना त्यात लिहायचं, कुठे चाललो, किती वाजता गेलो, कधी येणार. कोणाला त्यात अपमान वाटत नसे. तसंच एक रजिस्टर आपल्या वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावं. सायकल घेऊन किंवा ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाने, वय सोळा असो की त्र्याहत्तर, त्यात नाव, ठिकाण, बरोबर कोण, परतीची वेळ आणि घरचा फोन लिहावा. वेळेच्या वर तास झाला की वॉचमनने घरी कळवावं. अठरा वर्षांखालच्यांच्या नोंदीसमोर आई किंवा वडिलांची सही असावी, निदान तीन जणांचा गट असावा, त्यात एक मोठा असावा, आणि हायवेवरून जाणं नसावं. हेल्मेटशिवाय गेट उघडू नये. जिन्याखालच्या सायकली हलवाव्यात हे अर्जातलं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आगीच्या वेळी जिना मोकळा हवा. पण त्यासाठी पंपरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचा सायकल स्टँड करावा. चारचाकीला आपण पट्टे मारून जागा दिली, सायकलला एवढी द्यायला हरकत नसावी.

अर्ज करणाऱ्या भगिनींना मी हा आराखडा आधी दाखवला. त्यांनी त्यात एक ओळ घातली: ‘पोहोचल्यावर एक आणि निघताना एक फोन.’ ती ओळ माझ्या सगळ्या भाषणापेक्षा उपयोगाची आहे. त्यांचा मुलगा पुन्हा सायकलवर बसेल की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं आहे, आपण नाही. पण सभेत मतदान करताना दोन्ही कागद समोर असावेत, एवढीच विनंती.

रजिस्टरची वही मी आणली आहे, रेघा मारून. ती आजच सचिवांकडे देतो. जिना उतरण्याचा सराव ज्यांना करायचा असेल त्यांनी मंगळवार-शुक्रवार सकाळी साडेसहाला ए विंगच्या लिफ्टपाशी यावं. वयाची अट नाही, फक्त चपला नकोत, बूट घालून या.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आपण सगळे सुवर्णमहोत्सवालाही असेच जमू, आपापल्या पायांनी चालत.